एल्वाचा उघडा काठ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अगदी वायव्य टोकाला ऑलिम्पिक नावाचा एक पर्वतसमूह आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग प्रथम या पर्वतांना अडतात. त्यामुळे तेथील शिखरांवर बर्फाचा आणि उतारांवर घनदाट अरण्याचा साज वर्षभर असतो. या पर्वतांत एल्वा नदीचा उगम होतो. तेथून ती उत्तरेकडे धावते आणि ह्वान द फूका नावाच्या सामुद्रधुनीला जाऊन मिळते. नदी काही मोठी नव्हे. उगमापासून मुखापर्यंत तिची लांबी अवघी 72 किलोमीटर आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत या लहानशा नदीच्या वाट्याला जे आले, ते पाहण्यासाठी आज दूरदूरच्या देशांतून नद्यांचे आणि वनस्पतींचे अभ्यासक तेथे जातात.

एल्वाची जुनी कीर्ती तिच्या सॅमन माशांमुळे होती. हा मासा मोठा विलक्षण आहे. तो जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, वाढतो समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. प्रवाहाच्या उलट दिशेने, उड्या मारीत, खडकांवर आपटत तो वर चढतो. तळाच्या गोट्यांत शेपटीने खळगा करून मादी त्यात अंडी घालते. एवढे झाले, की बहुतेक जातींचे सॅमन मरून जातात. त्यांची कलेवरे अस्वले खातात, गरुड खातात, पाणकिडे खातात. जे उरते ते काठच्या झाडांच्या मुळांना मिळते. समुद्रात वाढलेल्या माशाच्या देहातील सत्त्व अशा रीतीने डोंगरातल्या वृक्षांच्या पानापर्यंत पोचते. एल्वामध्ये अशा माशांच्या अनेक जाती येत असत. त्यांपैकी चिनूक जातीचे काही मासे तर शंभर पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो वजनाचे भरत, असे जुने लोक सांगत.

या नदीच्या काठी क्लालम नावाचे लोक हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. त्यांच्या नावाचा अर्थच ‘बळकट लोक’ असा आहे. नदीतला मासा हे त्यांचे अन्न, आणि काठच्या लाल सीडर वृक्षाचे लाकूड हे त्यांचे घर. त्याच वृक्षाचे खोड कोरून ते होड्या करीत, त्याच्या सालीचे तंतू काढून वस्त्रे आणि टोपल्या विणीत. नदीकाठच्या एका खडकात टोपलीसारखे खळगे आहेत, तेथेच विधात्याने मातीतून आपल्या पूर्वजांना घडविले, आणि तेथेच त्यांना स्नान घातले, असे त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी चालत आले होते. 

पुढे युरोपातून आलेल्या लोकांची वस्ती या भागात वाढली. करवती आल्या, अरण्य तुटू लागले, किनाऱ्यावर पोर्ट एंजेलिस नावाचे नगर वसले. नगराला वीज हवी होती. टॉमस ऑल्डवेल नावाच्या एका उद्योगी गृहस्थाने एल्वाच्या अरुंद घळीत धरण बांधून वीज निर्माण करण्याचे मनात घेतले आणि 1910 साली काम सुरू झाले. धरणाचा पाया तळच्या मूळ खडकापर्यंत नेला नव्हता. 30 ऑक्टोबर 1912 रोजी साठलेल्या पाण्याने धरणाच्या खालची माती उकरून काढली आणि एकाएकी लोंढा बाहेर पडला. नंतर खडक, माती आणि झाडांच्या फांद्या टाकून ते भगदाड बुजविण्यात आले आणि 1913 साली धरण उभे राहिले. त्याची उंची सुमारे 33 मीटर होती. 1927 साली त्याच्या वरच्या बाजूला ग्लाइन्स कॅन्यन नावाचे दुसरे धरण झाले. ते तर सुमारे 64 मीटर उंच होते. एका धरणामागे ऑल्डवेल सरोवर पसरले, दुसऱ्यामागे मिल्स सरोवर.

धरणे बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. ज्या नदीतून खाण्याचे मासे वर चढतात, त्या नदीवरील धरणात माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असा त्या राज्याचा 1890 पासूनचा कायदा होता. दोन्ही धरणांत अशी वाट नव्हती. वाटेऐवजी धरणाजवळ मत्स्यबीज-केंद्र चालवावे, अशी तडजोड काढण्यात आली. तेही केंद्र 1922 साली बंद पडले. पहिले धरण समुद्रापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर होते. तेव्हा परत येणाऱ्या माशांना तेवढीच नदी उरली. दर वर्षी मासे येत, धरणाच्या भिंतीशी डोके आपटीत आणि मागे फिरत. काठच्या क्लालम लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांची संख्या घटत गेली. त्यांचा तो पवित्र खडकही ऑल्डवेल सरोवराच्या पाण्याखाली गेला. एका पिढीने तो पाहिला होता, पुढच्या पिढ्यांनी केवळ ऐकला.

धरणांनी वीज दिली, हे नाकारता येणार नाही. त्या विजेवर त्या भागातील घरे उजळली आणि गिरण्या चालल्या. परंतु पुढे इतर ठिकाणची वीज आली, आणि अखेरच्या काळात या दोन धरणांची वीज एकट्या कागद-गिरणीच्या गरजेचा काही भाग तेवढा भागवी. इकडे 1938 साली ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि एल्वाच्या खोऱ्याचा फार मोठा भाग, वरच्या धरणासकट, या उद्यानाच्या हद्दीत आला. राष्ट्रीय उद्यानात असे धरण असावे काय, हा प्रश्न मग निघालाच. क्लालम लोकांनी धरणे काढून टाकण्याची मागणी लावून धरली. अखेर 1992 साली अमेरिकेच्या संसदेने एल्वा नदीला तिचे पूर्वरूप देण्यासंबंधीचा कायदा केला. सरकारने 2000 साली दोन्ही धरणे विकत घेतली आणि 2011 च्या सप्टेंबरात त्यांच्यावर यंत्रांचे घाव पडू लागले. खालचे धरण 2012 च्या मार्चपर्यंत नाहीसे झाले. वरच्या धरणाचा शेवटचा भाग 2014 च्या ऑगस्टमध्ये निघाला. तोपर्यंत जगात एवढे उंच धरण कोणी काढले नव्हते.

भिंत काढणे, हे या कामातले सोपे अंग. कठीण ते होते, जे भिंतीच्या मागे दडलेले होते. नदी डोंगरातून माती, वाळू आणि गोटे घेऊन येते. वाहत्या पाण्यात ते सारे समुद्राकडे जाते. पण सरोवराच्या संथ पाण्यात शिरताच नदीचा वेग मरतो आणि तिच्या ओंजळीतील ओझे खाली पडते. प्रथम जड गोटे आणि वाळू पडतात, बारीक चिकणमाती पुढपर्यंत जाऊन तळाशी बसते. असा सुमारे दोन कोटी दहा लाख घनमीटर गाळ या दोन सरोवरांत साठला होता. तो एकदम सुटला असता, तर खालच्या नदीची आणि काठच्या वस्तीची दुर्दशा झाली असती. म्हणून वरचे धरण हळूहळू, थराथराने उतरविण्यात आले. थोडी भिंत कापायची, पाणी थोडे खाली आणायचे आणि मग काही काळ थांबायचे. या थांबण्याच्या काळात नदी उघड्या गाळावरून इकडून तिकडे फिरे, त्याचे काठ कापी आणि तो पसरून समपातळीत आणी. ज्या कामाला हजारो गाड्या लागल्या असत्या, ते काम नदीकडूनच करून घेण्याची ही युक्ती होती. पहिल्या पाच वर्षांत सुमारे दोन कोटी टन गाळ नदीने खाली नेला आणि त्यातला बहुतेक समुद्रात टाकला. बाकीचा मात्र जागीच राहिला.

सरोवरे आटली तेव्हा जी जमीन उघडी पडली, ती पाहून कोणाचाही जीव खाली गेला असता. सुमारे 800 एकरांचा तो करडा, ओसाड तुकडा होता. चहूकडे हिरवे अरण्य आणि मध्ये ही राखेच्या रंगाची पट्टी. त्यावर गवताची एक काडी नव्हती. ऑल्डवेल सरोवराच्या तळातून प्रचंड सीडर वृक्षांचे खुंट वर आले. धरण बांधण्यापूर्वी ते वृक्ष तोडले गेले होते. तोडणाऱ्यांनी उभे राहण्यासाठी फळ्या रोवल्या होत्या, त्यांच्या खाचा शंभर वर्षे पाण्याखाली राहूनही त्या खुंटांत जशाच्या तशा दिसत होत्या. आणि 2012 च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाण्याबाहेर आली. वडीलधाऱ्यांनी वर्णन केलेला, टोपलीसारख्या खळग्यांचा तो खडक! क्लालम लोकांनी तो पाहिला, तेव्हा त्यांच्या आज्या-पणज्यांची कथा त्यांच्या पायांखाली उभी होती.

आता या जमिनीचे काय करावे? काही न करता ती सोडून द्यावी, अरण्य आपोआप परतेल, असे म्हणणे सोपे होते. आणि ते अगदीच चूक होते असेही नाही. परंतु मोकळ्या जमिनीवर अरण्यच येईल, अशी हमी कोण देणार? जी झाडे तेथली नव्हत, बाहेरून आलेली आहेत आणि पडीक जमिनीवर सर्वांच्या आधी धावतात, त्यांनी ती जागा बळकावली असती तर देशी वृक्षांना पाय ठेवायला ठाव उरला नसता. नदीकाठी माजणारे एक उंच, दाट गवत आणि काटेरी रान-थिसल यांची धास्ती विशेष होती. म्हणून उद्यानाच्या वनस्पतितज्ज्ञांनी आणि क्लालम लोकांच्या कार्यकर्त्यांनी धरणे फुटण्यापूर्वीच तयारी आरंभली. सरोवरांच्या आसपास वाढलेले तण त्यांनी आधी हटविले. त्याचबरोबर बियांचा शोध सुरू झाला.

या बियांविषयी एक नियम होता. बी एल्वाच्याच खोऱ्यातील झाडाचे असले पाहिजे. त्याच जातीचे झाड दुसऱ्या प्रांतात असले, तरी ते दुसऱ्या हवेला, दुसऱ्या पावसाला सवयीचे असते; तेव्हा तेथले बी आणून टाकणे या तज्ज्ञांना मान्य नव्हते. मग माणसे डोंगरावर फिरली. कोठे गवताची कणसे, कोठे झुडपांची फळे, कोठे शंकू, असे बी मुठी-मुठीने गोळा झाले. परंतु मुठीने शेकडो एकर कसे पेरणार? म्हणून त्यातील काही बी शेजारच्या ऑरेगन राज्यातील कोर्व्हॅलिस येथील सरकारी वनस्पती-केंद्रात पाठविण्यात आले. तेथे शेतात ते पिकासारखे पेरून, कापून, मळून वाढविले. काही बियांची रोपे उद्यानाच्या रोपवाटिकेत तयार झाली. पुढील वर्षांत मिळून तीन लाखांहून अधिक रोपे आणि दोन हजार किलोंहून अधिक बी त्या उघड्या जमिनीवर पडले. त्यात पन्नासहून अधिक जातींच्या वनस्पती होत्या. लागवड मुख्यतः पानगळीच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांत होई, कारण त्या प्रदेशात पाऊस तेव्हा पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. कुदळी घेतलेली माणसे ओल्या थंडीत, चिखलात गुडघाभर रुतत ओळीने पुढे सरकत. त्यांत पगारी कामगार होते, तसेच विद्यार्थी आणि हौसेने आलेले स्वयंसेवकही होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम केली, आणि तिचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काही तुकडे त्यांनी तसेच सोडून दिले. तेथे रोप लावले नाही, बी टाकले नाही. लावलेल्या जमिनीचे जे भले होईल ते लावल्यामुळे झाले, की ते तसेही झाले असते, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. काम करणाऱ्याला आपल्या कामाचे कौतुक असतेच. परंतु न केलेल्या कामाशी त्याची तुलना करून पाहण्यास मन मोठे लागते.

या तुलनेतून जे दिसले, ते असे. सरोवराच्या बाजूच्या उतारांवर बारीक चिकणमातीचा थर बसला होता. तो वाळला तेव्हा त्याला भेगा पडल्या आणि लोकांना वाटले, येथे काहीच उगवणार नाही. झाले उलटेच. चिकणमाती ओल धरून ठेवते आणि अरण्याची कडाही जवळच होती. वाऱ्यावर उडणारे कापसाळ बी असलेला कॉटनवुड, आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातला विलो आणि आल्डर ही झाडे तेथे आपणहून दाटीने उगवली. काही वर्षांतच त्यांच्यातून वाट काढणे कठीण झाले. अशा ठिकाणी माणसाने लावलेल्या रोपांची फारशी गरज पडली नाही, हे तज्ज्ञांनी मोकळेपणाने नोंदविले.

दरीच्या मधोमध मात्र निराळी स्थिती होती. तेथे वाळू आणि गोटे यांचे जाड थर पायऱ्यांसारखे उभे राहिले होते. पावसाचे पाणी त्यांतून चाळणीतून गळावे तसे खाली जाई. अरण्याची कडा दूर असल्याने बी फारसे पोचत नसे. पोचलेच, तर उन्हाळ्याचा वारा आणि तापलेली वाळू कोवळा अंकुर सुकवून टाकी. शिवाय त्या गाळात कुजलेली पाने नव्हती, जीवजंतू अल्प होते, आणि वनस्पतींना अत्यंत आवश्यक असलेले नत्र तर जवळजवळ नव्हतेच. ज्या जमिनीने कधी झाड पाहिले नाही, तिच्यावर पहिले झाड कसे जगवायचे, हा खरा पेच येथे होता.

तो सोडविण्यात एका फुलझाडाची फार मदत झाली. त्याचे नाव नदीकाठचे लुपिन. हरभरा, तूर, ताग ज्या शेंगांच्या कुळात मोडतात, त्याच कुळातले हे झाड. या कुळातील वनस्पतींच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत सूक्ष्म जंतू राहतात आणि हवेतले नत्र घेऊन ते झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. आपला शेतकरी ताग पेरून तो फुलावर येताच जमिनीत गाडतो, त्यामागेही हेच कारण आहे. मिल्स सरोवराच्या वाळूच्या पायऱ्यांवर लुपिनचे बी पेरले गेले. ते रुजले, वाढले, त्याचे बी पुन्हा खाली पडले, आणि दोन-चार वर्षांत एके काळची राखेसारखी जमीन निळसर-जांभळ्या तुऱ्यांनी झाकून गेली. फुलांवर मधमाश्या आल्या. वाळलेली पाने वाळूवर पडून कुजू लागली. त्या जमिनीच्या आयुष्यातला हा पहिला पालापाचोळा होता.

दुसरी मदत मेलेल्या झाडांची झाली. ऐकताना हे नवल वाटेल. उघड्या पायऱ्यांवर हेलिकॉप्टरमधून मोठमोठे ओंडके आणून टाकण्यात आले. ते आडवेतिडवे, अस्ताव्यस्त पडलेले पाहून एखाद्याला वाटले असते, की येथे वादळ होऊन गेले आहे. परंतु त्या प्रत्येक ओंडक्याच्या आडोशाला वारा अडत होता, सावली पडत होती, ओल टिकत होती. ओंडक्यालगत लावलेली रोपे उघड्यावरच्या रोपांहून अधिक संख्येने जगली. ओंडक्यांच्या ढिगांमुळे हरणांची आणि एल्क नावाच्या मोठ्या सांबरांची तोंडेही काही रोपांपर्यंत पोचत नसत. उडत जाणारा पक्षी उघड्या वाळवंटात कशाला उतरेल? बसायला ओंडका असेल तर उतरेल. आणि पोटात असलेले रानफळाचे बी विष्ठेतून तेथे टाकून जाईल. अरण्याच्या कडेला काय पिकले आहे ते पक्ष्याला ठाऊक असते. त्याला फक्त बसायला जागा लागते.

सगळेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. पुष्कळ रोपे पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. पुष्कळ रोपे एल्कच्या कळपांनी शेंडे खुडून खाल्ली. ही जनावरे परत यावीत म्हणून तर सारा खटाटोप. ती आली आणि प्रथम रोपेच खाऊ लागली, तेव्हा लावणाऱ्यांना हसावे की रडावे ते कळले नसेल. आणि नदीने तर कोणाचीच भीड ठेवली नाही. मोकळी झालेली एल्वा दर पुरात पात्र बदलू लागली. माणसांनी जपून लावलेली झाडे असलेल्या पायऱ्या तिने कापून नेल्या. उद्यानातील प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागा तिने वाहून नेल्या आणि जवळचा एक रस्ताही तोडला. रस्त्याची गरज असलेल्या लोकांना याचा त्रास झाला, आणि तो खोटा नव्हता. परंतु नदीकाठच्या अरण्याची रीतच अशी असते. एका बाजूचा जुना वृक्ष पाण्यात कोसळतो आणि अडकून डोह तयार करतो, त्या डोहात माशांची पिले वाढतात. दुसऱ्या बाजूला नवी वाळू पडते, तिच्यावर विलो आणि कॉटनवुड यांचे अंकुर उगवतात. 

समुद्रात गेलेल्या गाळाचेही वाया काही गेले नाही. धरणांच्या काळात नदीच्या मुखाशी वाळू येणे थांबल्यामुळे तेथील किनारा झिजून नुसते गोटे उरले होते. आता वाळू आल्याबरोबर मुखाशी सुमारे शंभर एकर नवी जमीन तयार झाली. तिच्यावर उथळ डबकी आणि खाड्या झाल्या, पाणपक्षी उतरू लागले, आणि बीव्हर या झाडे कुरतडून बांध घालणाऱ्या प्राण्यानेही तेथे मुक्काम ठोकला.

मासे परतण्यास मात्र कोणी वाटले होते तेवढा वेळ लागला नाही. खालचे धरण निघाले त्याच वर्षी, 2012 मध्ये, सॅमन त्याच्या जागेवरून वर गेले. वरच्या धरणाचा अखेरचा भाग 2014 च्या ऑगस्टमध्ये पडला आणि लगेच सप्टेंबरात चिनूक त्याच्याही पलीकडे आढळले. पुढे त्या घळीत कोसळलेल्या मोठ्या खडकांनी वाट अडविली, तेव्हा ते सुरुंगाने फोडावे लागले. सर्वांत चकित केले ते ट्राउट माशांनी. या माशाचे काही भाईबंद जन्मभर नदीतच राहतात आणि काही समुद्रात जाऊन स्टीलहेड या नावाने परततात. धरणांच्या वर अडकलेल्या ट्राउटच्या कित्येक पिढ्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. तथापि वाट मोकळी होताच त्यांच्या वंशातील मासे समुद्राकडे निघाले आणि मोठे होऊन परत आले. समुद्राला जाण्याची ओढ त्यांच्या रक्तात शंभर वर्षे तशीच झोपून होती.

माशांबरोबर काठचे प्राणिजीवनही बदलले. डिपर नावाचा एक करडा, ठेंगणा पक्षी आहे. तो डोंगरी ओढ्यांच्या काठी राहतो, पाण्यात बुडी मारतो, तळावरून चालत किडे आणि माशांची अंडी टिपतो. धरण निघाल्यानंतर सुमारे वर्षभरातच, समुद्रातून आलेले सत्त्व या पक्ष्यांच्या शरीरात पोचल्याचे तपासणीत दिसून आले. ज्या ठिकाणी सॅमन पोचत होते, तेथील डिपरच्या माद्या अंगाने मोठ्या होत्या, ते पक्षी वर्षभर त्याच जागी टिकून राहत आणि एका हंगामात दुसऱ्यांदा पिले वाढविण्याचा प्रयत्न अधिक वेळा करीत. वाटीएवढ्या या पक्ष्याच्या घरट्याचे नशीब, त्याने कधीही न पाहिलेल्या महासागराशी असे जोडलेले होते.

धरणे काढण्यास आरंभ झाला तेव्हाच, 2011 पासून, नदीतील मासेमारी बंद करण्यात आली होती. परतणाऱ्या माशांना वाढण्यास वेळ मिळावा हा हेतू. ज्यांचे मुख्य अन्नच मासा, त्या क्लालम लोकांनीही आपली जाळी गुंडाळून ठेवली. बारा वर्षे त्यांनी वाट पाहिली. 2023 च्या ऑक्टोबरात, कोहो जातीचे सॅमन पुरेशा संख्येने आल्याची खात्री झाल्यावर, या लोकांना धार्मिक विधींपुरती आणि घरच्या अन्नापुरती मासेमारी करण्याची मुभा मिळाली. धरणे गेल्यानंतर मोकळ्या एल्वातील ही त्यांची पहिली मासेमारी होती. जी मुले त्या दिवशी काठावर होती, त्यांनी आपल्या वडीलमाणसांना या नदीतून मासा काढताना प्रथमच पाहिले.

ऑल्डवेल सरोवराच्या जागी आज पाणी नाही. आल्डर आणि विलो यांची उंच होत चाललेली राई आहे. फळ्यांच्या खाचा असलेले ते जुने खुंट तिच्यात झाकले जाऊ लागले आहेत. सीडरचे रोप लहानपणी सावलीत वाढू शकते, तेव्हा या राईच्या आडोशाला त्याचीही रोपे उभी राहतील. त्यांचे बुंधे त्या खुंटांइतके जाड होण्यास मात्र काही शतके लागणार आहेत.